सरक की

आज फळ्यावर एकच शब्द लिहिला : शिफ्ट.
आणि खडू ठेवून खाली बसलो.
अर्थ मला येत होता म्हणूनच
सांगायचं धाडस होईना.

गंगावेशीत, सायकल दुरुस्तीच्या दुकानावर
पत्र्याची खोली. सात ते साडेआठ.
महिना तीनशे, ज्याला जमेल त्यानं.
एका बाकावर तिघं मावतात,
आम्ही चौघं बसवतो.

भरमू चौगुले म्हणाला, त्यात काय सर,
पैली, दुसरी, तिसरी.
शिरोलीच्या फौंड्रीत या आठवड्यात त्याची तिसरी.
भोंग्यापासून भोंग्यापर्यंत
भट्टीसमोर एका जागी उभं राहायचं.
एकाच जागी? मी विचारलं.
मग काय! हललं तर साचा बिघडतोय.
मी वहीत टिपून घेतलं :
न हलण्यालाही हाच शब्द.

दिलशाद बागवान दवाखान्यात नर्स आहे.
पेशंटला शिफ्ट केलं, ती दिवसातून दहादा म्हणते.
कुठं, असं नातेवाईक विचारतात
तेव्हा तिचं बोट वर जातं,
आणि त्यांचे चेहरे बघून
ती ते पटकन खाली घेते.
तिसरा मजला, तिसरा मजला. लिफ्टनं जावा.

हौसाक्का आंबी नातवाच्या शाळेच्या चिठ्ठ्या
वाचता याव्यात म्हणून येते.
गाव नदीकाठचं. पुराच्या साली बोट आली,
साहेब कर्ण्यातून ओरडत होता,
शिफ्ट व्हा, शिफ्ट व्हा.
"मला वाटलं कुणाला तरी हाक मारतोय.
म्हटलं, असल्या नावाचं न्हाई कोण आमच्या गल्लीत."
वर्ग हसला. तीही हसली.
मग म्हणाली, माणसं झाली. म्हसरं करावी लागली.

हे व्याकरण माझ्या पुस्तकात नाही.
तिची चांदरी म्हैस,
दाव्याला दोन गडी, मागून एक,
तरी जागची हलंना.
गोठ्यात गुडघाभर पाणी आणि ती रवंथ करत उभी,
सरकायचंच तर नदीनं सरकावं अशी.

"मग?" कुणीतरी विचारलं.
हौसाक्का पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.
मी विषय बदलला.
(तोही शिफ्टच. पण ते फळ्यावर लिहिलं नाही.)

मग आपल्याकडचे शब्द मांडून बघितले :
हलणं, हटणं, ढळणं, सरकणं,
खो मिळणं,
आणि तालमीच्या पायरीवरचं ते,
बूड उचल की लेका.
एकही नेमका बसेना.
हटला तो हरला, हे लाल मातीत कुणीही सांगेल.
ढळायला आधी काहीतरी बोललेलं असावं लागतं.
हलतं ते झाडासारखं, जागा तीच.
सरकणाऱ्याची जागा मात्र खरंच बदलते,
पण इतकी थोडी
की कुणाला कळवायला जाऊ नये.

मी स्वतः पाच वर्षांत तीनदा शिफ्ट झालो.
टेम्पोत गाद्या, मांडीवर तुळशीची कुंडी.
घरमालक चांगलेच होते तिन्ही,
फक्त अकरा महिने झाले की खोकायचे.
मी झालो का केला गेलो?
इंग्रजीत त्याला वेगळं नाव आहे.
आमच्या हिच्या भाषेत : चला, कुंडी धरा.

तेवढ्यात जिना वाजला.
दस्तगीर उशिरा, हातात हेल्मेट.
बाक भरलेला, कडेला भरमू,
कपाळ डेस्कवर, आठवड्याची झोप मानेवर.
सरक की भावा.
दस्तगीर हळू म्हणाला,
उठवायला नव्हे, सवयीनं.

भरमू उठला नाही. डोळेही उघडले नाहीत.
झोपेतच चार बोटं आत सरकला,
आणि शेजारचा, आणि त्याच्या शेजारचा.

हौसाक्का बघत होती.
पेन्सिल जिभेला लावून
तिनं वहीत काहीतरी लिहिलं
आणि तळव्यानं झाकलं.
मी फळा पुसायचा राहिलो.